‘रुतणे’ आणि ‘घसरणे’ : जोडचाकी मालमोटार आणि हिमाच्छादित रस्ता

पनवेल हे पूर्वापार वाहतुकीचे गाव आहे. बोरघाटातून चाकाच्या गाड्या नेता येतील असा रस्ता १८३० साली खुला झाला आणि कोकण व देश यांमधील मालाची ने-आण या बाजूने वाढत गेली. आज येथील मालमोटारींचा पल्ला घाटमाथ्यावर संपत नाही. कळंबोलीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ दिल्लीस पोहोचतो, आणि तेथून महामार्ग ४४ बनिहालमार्गे श्रीनगरास जातो. ज्या चालकाने जन्मभर पावसाळी चिखल पाहिला, त्यास हिवाळ्यात कधी तरी हिमाने झाकलेल्या रस्त्यावर मालमोटार हाकावी लागते. अशा वेळी त्याचा अनुभव कोठवर उपयोगी पडतो आणि कोठे दगा देतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार यंत्रशास्त्राचा असला, तरी त्याची किल्ली आपल्या भाषेतच आहे, असे दिसून येईल.

मागील आसावर प्रत्येक बाजूस दोन-दोन चाके असणाऱ्या वाहनास येथे ‘जोडचाकी’ म्हटले आहे. लहान मालमोटारीस अशी मागे चार व पुढे दोन मिळून सहा चाके असतात. ‘मागे चार चाके आहेत, तेव्हा पकड दुप्पट’ अशी समजूत सर्रास आढळते. ही समजूत अर्धी खरी आहे आणि म्हणूनच धोक्याची आहे.

मराठीत गाडीच्या अडचणीस दोन निरनिराळी क्रियापदे आहेत. गाडी चिखलात ‘रुतते’ आणि ओल्या डांबरावर ‘घसरते’. रुतणे ही खाली जाण्याची क्रिया आहे. घसरणे ही पृष्ठभागावरून सरकण्याची. रुतलेली गाडी जागची हलत नाही. घसरणारी गाडी थांबत नाही. बोलणाऱ्याच्या मनात या दोहोंचा कधी घोटाळा होत नाही. जोडचाकांचा गुण व दोष नेमका याच भेदावर उभा आहे.

प्रथम रुतणे पाहू. मऊ जमिनीत चाक किती खोल जाईल, हे भार किती क्षेत्रावर विभागला आहे यावर अवलंबून असते. एका चाकाऐवजी दोन चाकांनी तोच भार उचलला, तर प्रत्येकाच्या वाट्यास निम्मा भार येतो व दर चौरस इंचावरील दाब घटतो. म्हणून भाताच्या खाचराशेजारच्या मऊ रस्त्यावर भरलेल्या गाडीस जोडचाके निश्चितच तारतात. 

आता घसरणे. पृष्ठभाग टणक असेल, तर पकड मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : चाकावर किती भार आहे, आणि रबर व रस्ता यांमधील घर्षण किती आहे. स्पर्शाचे क्षेत्र वाढविले म्हणून पकड त्या प्रमाणात वाढत नाही. कारण क्षेत्र दुप्पट होताच दाब निम्मा होतो. त्यातून गाडी रिकामी असेल, तर मागील आसावर भार थोडाच, आणि तोही चार चाकांत वाटलेला. मोकळ्या, भुसभुशीत हिमात अरुंद चाक थर कापून खालच्या टणक जमिनीपर्यंत पोहोचू शकते. हलक्या गाडीची जोडचाके मात्र वरच तरंगतात. म्हणजे चिखलात जो गुण, तोच येथे दोष ठरतो. पहिल्या पावसात तेल व धूळ यांचा लेप झालेल्या डांबरावर रिकामी मालमोटार भरलेल्या गाडीपेक्षा लवकर ढुंगण फिरविते, हे घाटातल्या चालकास ठाऊक असते. हिमावर त्याने स्मरावयाचा अनुभव हा आहे, चिखलाचा नव्हे.

फरक किती मोठा आहे, हे आकड्यांनी स्पष्ट होईल. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, ब्रेक लागल्यापासून, कोरड्या डांबरावर सुमारे ९ मीटरांत थांबू शकते. ओल्या डांबरावर सुमारे १३ मीटर लागतात. दाबून घट्ट झालेल्या हिमावर हेच अंतर ३० मीटरांच्या आसपास जाते, आणि गुळगुळीत बर्फावर ६० मीटरांच्याही पुढे. चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही. घर्षण सातपटीने घटले की थांबण्याचे अंतर सातपटीने वाढते. त्यात चाकांच्या संख्येचा काही उपाय चालत नाही.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. आकाशातून पडणारे मऊ हिम, चाकांखाली दबलेले हिम आणि पाणी गोठून झालेला काचेसारखा थर या तिन्ही वस्तूंना आपण एकच शब्द लावतो : ‘बर्फ’. हा शब्द फारसीतून आला. संस्कृत ‘हिम’ शब्दापासून आलेला आपला ‘हीव’ थंडीचा वाचक झाला. ‘हिवाळा’, ‘हिवताप’ हे त्याच कुळातील. ज्या प्रदेशात हिम पडत नाही, तेथे हिमाचा शब्द थंडीकडे वळावा हे स्वाभाविकच. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी दव गोठते, तेवढेच आपले हिमदर्शन. परंतु ‘बर्फावर गाडी सावकाश चालवा’ ही सूचना वाचून चालकाने काय समजावे? भुसभुशीत थरात गाडी रुतेल, दबलेल्या थरावर ती घसरेल, आणि काचेसारखा थर तर डोळ्यांस दिसणारही नाही. केवळ ओला रस्ता भासेल.

यास्तव सूचनापत्रकांत तीन शब्द नियमाने वापरावेत, असे सुचवावेसे वाटते : ‘भुसभुशीत हिम’, ‘दबलेले हिम’ आणि ‘काचबर्फ’. पहिले दोन कोणासही न सांगता कळतात. तिसरा नवा आहे, पण तो दिसण्याचा व निसरडेपणाचा एकदम बोध करून देतो. हा काचबर्फ सावलीतल्या वळणांवर व पुलांवर आधी धरतो. कारण पुलास खालूनही थंड हवा लागते. वितळण्याच्या बेतात असलेला थर कडक थंडीतल्या थरापेक्षा अधिक बुळबुळीत असतो, हेही ध्यानी ठेवावे.

घाटाची शिस्त येथे बरीचशी लागू पडते. उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये, हा बोरघाटाचा पहिला धडा. तो बनिहालातही खरा. मात्र खालचा गिअर उतार लागण्यापूर्वीच टाकावा. निसरड्या उतारावर तो एकदम टाकून क्लच झटक्याने सोडल्यास मागची चाके अडकतात व गाडीचे शेपूट फिरते. तसे झाल्यास ब्रेक दाबू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय उचलावा आणि शेपूट ज्या बाजूस जाईल त्याच बाजूस स्टिअरिंग हलकेच वळवावे. गाडी रिकामी असेल, तर मागील आसावर वाळूची पोती घट्ट बांधावीत. सैल पोती ब्रेक लागताच पुढे येतात. साखळ्या चढ लागण्यापूर्वी, निदान बाहेरच्या चाकांस, बांधाव्यात. शिवाय दोन चाकांच्या फटीत, येथे दगड अडकतो तसा, तेथे हिमाचा गोळा घट्ट बसतो. गाडी थांबेल तेथे तो काढावा.

सारांश, जोडचाके रुतण्यावरचा उपाय आहेत, घसरण्यावरचा नव्हेत. हा भेद पनवेलच्या चालकास नव्याने शिकवावयाचा नाही. तो त्याच्या बोलण्यात आहेच. सूचना लिहिणाऱ्यांनी मात्र ती भाषा ऐकली पाहिजे. परिभाषा ही केवळ कोशाची शोभा नसते; अपरिचित घाटात, सायंकाळच्या सावलीत, एका नेमक्या शब्दाने ब्रेकवरचा पाय वेळीच उचलला जाऊ शकतो.