गादीवरचा लॅपटॉप

मार्चअखेरची संध्याकाळ. पेढीवर जीएसटीचा मेळ बसत नाही. गादीवर मांडी घालून बसलेल्या तरुणाच्या मांडीवर लॅपटॉप आहे आणि तासाभरात त्याचा चटका जाणवू लागतो. तो यंत्र उचलून शेजारी गादीवर ठेवतो. मांडी सुटते, यंत्र मात्र अधिकच तापते. पंख्याची घरघर वाढते, हिशेबाचे तक्ते रेंगाळत उघडू लागतात आणि सारा दोष नव्या सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो.

दोष बहुधा गादीचा असतो. लॅपटॉपमधील प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून कडेच्या बारीक पत्र्यांपर्यंत नेली जाते आणि छोटा पंखा ती बाहेर फेकतो. त्यासाठी लागणारी हवा बहुतेक यंत्रे तळाच्या जाळीतून आत घेतात. यंत्र टेबलावर असेल तर रबरी पायांमुळे खाली थोडी फट राहते; कापसाच्या गादीत ते पाय रुततात आणि फट बुजते. पंखा कितीही वेगाने फिरला तरी हवाच नाही, तर तो करणार काय?

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. चुलीपुढे वा शेगडीपाशी सतत बसणाऱ्यांच्या त्वचेवर पूर्वी जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग पडत. वैद्यकात त्याला ‘एरिथेमा अ‍ॅब इग्ने’ म्हणतात. मांडीवर लॅपटॉप ठेवून खेळ खेळणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलाला हाच विकार झाल्याची नोंद २०१० साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. भाजण्याइतकी नसलेली उष्णताही रोज लागत राहिली तर पुरते, हे घरातील मुलांना आवर्जून सांगावे.

दुसरी हानी बॅटरीची. उष्णतेने तिचे आयुष्य घटते, आणि कधी ती फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखे दिसले किंवा झाकण नीट मिटेनासे झाले, तर चार्जर काढून यंत्र तत्काळ बंद करावे व जाणकाराकडे न्यावे. वर्षअखेर असली तरीही. तत्पूर्वी हिशेबाची प्रत अन्यत्र ठेवलेली असावी, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

उपाय खर्चिक नाहीत. अनेक जुन्या पेढ्यांच्या माळ्यावर मुनीमजींची उतरत्या झाकणाची लाकडी पेटी धूळ खात पडलेली असते. ती खाली आणावी. पृष्ठभाग कठीण, उंची बैठकीला साजेशी. खालच्या कडेला पट्टी असेल तर यंत्र घसरतही नाही. पेटी नसेल तर पाट चालेल. मागची कड इंचभर उचलली तर हवा आणखी मोकळी होते. मात्र त्यासाठी पुस्तके वा चोपडे खाली सरकवू नयेत. ज्ञानाची आशातना टाळायची तर लाकडाचे दोन ठोकळे पुरेत. बाजारातील पंख्याचे स्टँड वाईट नव्हेत, पण आत धूळ साचलेली असताना त्यावर पैसे घालणे म्हणजे गळक्या घड्यात पाणी भरणे.

ही धूळ हेच पुष्कळदा मूळ असते. कापड, धान्य वा मसाल्याच्या दुकानात तर जाळी लवकर कोंडते. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, ती साफ करून घ्यावी. उबदार, अंधाऱ्या पोकळीत मुंग्या-झुरळांनी आसरा घेतल्यावर सफाई करण्यापेक्षा आधीच प्रमार्जन केलेले बरे. जयणा म्हणतात ती हीच.

सॉफ्टवेअरकडेही पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. ‘सीपीयू’च्या रकान्यावर टिचकी मारली की सर्वाधिक भार टाकणारा प्रोग्राम वर येतो. पुष्कळदा तो हिशेबाचा नसून ब्राउझरच्या उघड्या राहिलेल्या वीस-पंचवीस टॅबचा असतो. सेटिंग्जमध्ये वीज वाचवणारा मोड निवडल्यास वेग किंचित घटतो, पण नोंदी करताना तो फरक सहसा जाणवत नाही.

उन्हाळ्याचे गणित मात्र वेगळे. अनेक लॅपटॉप भोवतालच्या ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापरावेत, असे उत्पादक सांगतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. अशा दुपारी जड कामे सकाळवर टाकावीत आणि यंत्र उन्हातल्या गाडीत ठेवू नये. तापलेल्या यंत्रावर ओले फडके किंवा बर्फाची पिशवी तर मुळीच ठेवू नये. आत दव धरले की दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीजवळ जातो.