हलका हात

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या पडवीत वडील नंबरप्लेटा आणि दुकानांच्या पाट्या रंगवीत. मागच्या बोळात ट्रकच्या केबिनला ड्यूको मारण्याचे काम चाले. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि चाळीस वर्षे तोच धंदा केला. ‘रंगात कंजूषपणा करू नये’ हा त्यांचा पहिला धडा. पोचा आला असेल तिथे लांबी भरपूर भरावी, वॉटर पेपरने घासून आरशासारखी करावी आणि मग रंगाचे चार हात द्यावेत. गिऱ्हाईक दहा वर्षे नाव काढते. हा धडा मला म्हातारपणी सातासमुद्रापलीकडे जाऊन विसरावा लागला, त्याची ही हकिगत.

माझ्या ताईचा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरी करतो. एके रात्री त्याचा फोन आला. ‘मामा, विमान बांधून झालंय. रंगवायला तुम्हीच या.’ मला वाटले, पोरगा थट्टा करतोय. घरी कोणी विमान बांधते का? पण वाचकहो, बांधतात. आपल्याच कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी दिली. अमेरिकेत तर हा छंद जुना. घरी विमाने बांधणाऱ्यांची तिथली संघटना १९५३ पासून आहे. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी आणि करमणुकीसाठी स्वतः केलेले असावे, एवढी तिथल्या सरकारची अट.

भाचा राहतो ते गाव डेटनपासून जवळ. डेटन म्हणजे राइट बंधूंचे गाव. सायकली दुरुस्त करणाऱ्या या दोघा भावांनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले विमान उडवले, त्याच्या पंखांना रंगच नव्हता. नुसते मलमलीसारखे सुती कापड ताणून बसवलेले. हे ऐकून मी भाच्याला म्हटले, ‘मग मला कशाला बोलावलंस?’ तो म्हणाला, ‘मामा, त्यांचं विमान त्या दिवशी चारदा उडालं आणि संपलं. माझं पावसापाण्यात, उन्हात वर्षानुवर्षे टिकायला हवं.’

हँगर म्हणजे मोठे पत्र्याचे गोडाऊन. आत दोन आसनी, ॲल्युमिनियमचे चिमुकले विमान उभे होते. आमच्या मालट्रकच्या केबिनपुढे ते खेळण्यासारखे वाटले. प्लॅस्टिकचे पडदे लावून आम्ही एक खोली केली, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडले. पत्रा साबणाने धुतला, बारीक घासला, पुसला. त्यानंतर त्याला उघड्या हाताने शिवायचे नाही. बोटाचा तेलकट घाम राहिला की तिथला रंग पुढे सुटतो. वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक छत ॲक्रिलिकचे. त्यावर थिनरचा ओला फडका लागला तरी बारीक चिरा पडतात, म्हणून ते दुहेरी झाकले. इथपर्यंत सगळे माझ्या ओळखीचे होते.

पहिला खटका मुखवट्यावरून उडाला. वडील फवारा मारताना नाकातोंडाला ओला पंचा बांधत; मीही तेच करीत आलो. भाच्याने माझ्यापुढे अंगभर घालायचा कागदी पोशाख आणि बाहेरची ताजी हवा नळीतून आणणारा मुखवटा ठेवला. मी म्हटले, ‘अरे, याला काही वास येत नाही.’ तो म्हणाला, ‘म्हणूनच.’ दोन डब्यांतले मिसळून वापरायच्या त्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याचा वास येऊन माणूस सावध होईपर्यंत ते फुप्फुसात गेलेले असते. एकदा का शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे थोड्याशा फवाऱ्यानेही दम्याचा झटका येतो. फवारा मारणाऱ्या रंगाऱ्यांचा दमा डॉक्टरांना चांगलाच ठाऊक आहे.

मी मुखवटा चढवला आणि बराच वेळ नुसता उभा राहिलो. वडील शेवटची काही वर्षे रात्ररात्र उशीला टेकून बसत. आम्ही म्हणायचो, सोलापूरची धूळ, गिरण्यांचा कापूस, वय. त्यांच्या दम्याचे नेमके कारण आता कोण सांगणार? पण ओला पंचा पुरेसा नव्हता, एवढे मला त्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये कळले.

दुसरा खटका माझ्या कसबावरून. शेपटीच्या आडव्या पात्याला मागे एक हलणारा भाग असतो. त्यानेच विमानाचे नाक वर-खाली होते. त्याच्या मागच्या कडेला बारीक पोचा होता. भाचा बाहेर गेला असताना मी तिथे थोडी लांबी भरली, घासली आणि वडिलांच्या शिकवणीप्रमाणे रंगाचे दोन हात जास्त दिले. काम असे उतरले की मीच दोनदा मागे सरून पाहिले.

भाच्यालाही ते आवडले. पण रंग सुकल्यावर त्याने तो भाग सोडवला, बिजागरीवर आडवा टांगला आणि हात काढला. मागची कड खाली गेली. या भागाच्या पुढच्या टोकाला शिशाचे वजन बसवलेले असते, ते मागच्या पत्र्याला तोलून धरते. मागे चार तोळे रंग वाढला की तराजू बिघडतो. जमिनीवर त्याने काहीच होत नाही. वर वेगात गेल्यावर मात्र तो भाग फडफडू लागतो, आणि ही फडफड वाढत जाऊन काही क्षणांत शेपटीच उखडू शकते.

‘मामा, हे घासून काढावं लागेल.’

मला राग आला. चाळीस वर्षांत माझे काम कोणी घासून काढले नव्हते. मी न बोलता हँगरबाहेर जाऊन बसलो. थोड्या वेळाने तो शेजारी येऊन बसला. त्याने समजूत घातली नाही. एवढेच म्हणाला, ‘परवा यात मी बसणार आहे.’ मी उठलो आणि पेपर पाण्यात भिजवला. जे काम खराब होते म्हणून नव्हे, चांगले होते म्हणून माझा भाचा खाली आला असता, ते मी स्वतःच्या हाताने उतरवले. पातळ दोन हात दिले, पुन्हा टांगले. या वेळी ते आडवे राहिले.

पुढे त्यानेच सांगितले, अमेरिकेच्या अंतराळयानाची मोठी टाकी १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगवली होती. नंतर रंग देणेच बंद केले, आणि सुमारे २७० किलो वजन वाचले. हे ऐकून माझे मन बरेच शांत झाले. मोठ्यांनाही हे शिकावेच लागले होते.

रंग संपल्यावर त्याने मला एक कागद दिला. विमानाला कुठेकुठे चिकटपट्टी लावली, ते त्यावर लिहिलेले. एकेक पट्टी काढायची आणि खूण करायची. मला हे जास्तीचे वाटले. तेव्हा त्याने २ ऑक्टोबर १९९६ ची गोष्ट सांगितली. पेरूच्या लिमा शहराहून निघालेल्या बोइंग ७५७ विमानाची धुलाई करताना हवेचा दाब मोजणाऱ्या बारीक छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती. ती काढायची राहून गेली. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना आपली उंची किती आणि वेग किती, काहीच खरे कळेना. विमान समुद्रात पडले. सत्तरच्या सत्तर माणसे गेली. त्यानंतर मी कागदावरची प्रत्येक खूण दोनदा तपासली.

शेवटी अक्षरे उरली. तिथला नियम आहे की अशा घरगुती विमानात आत शिरण्याच्या जागी ‘एक्स्पेरिमेंटल’, म्हणजे प्रायोगिक, असे ठळक लिहिलेच पाहिजे. तयार अक्षरे चिकटवता आली असती, पण भाचा म्हणाला, ‘आजोबांच्या वळणात लिहा.’ ब्रश धरला आणि हात थरथरला. आयुष्यात हजारो पाट्या लिहिल्या. पण आपल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा ज्यात बसणार, त्यावर ‘हा प्रयोग आहे’ असे लिहायची वेळ पहिलीच. लिहिले. एका हातात लिहिले, दुसरा हात दिला नाही.

आता मी परत पेठेत आलो आहे. २०२५ साली आपल्या होटगी रस्त्याच्या विमानतळावरून गोव्याचे विमान सुरू झाले. आभाळात आवाज आला की गल्लीतली पोरे वर बघतात, आणि मी त्या विमानाच्या शेपटीकडे बघतो. दुकान पुतण्या चालवतो. त्याच्यासाठी येताना मी मुखवटा आणला आहे. तो कुरकुरतो, उकडते म्हणतो. पण मुखवट्याशिवाय फवारा मारायचा नाही, हा दुकानाचा नवा नियम आहे.

भाच्याने पहिले उड्डाण केले त्या दिवशी ताई देवापुढे बसून होती. तो उतरल्याचा फोन आला, तेव्हा तिने डोळे पुसले आणि मला विचारले, ‘चांगलं रंगवलंस ना रे?’

मी म्हटले, ‘ताई, हलकं रंगवलंय.’