भुक्तशेष इंधनाचा पहारा

सोयगाव तालुक्यात वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी ज्यांनी कोरविली त्यांची हुकूमत लयास गेली आणि १८१९ साली जॉन स्मिथ नामक इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडेपर्यंत बाहेरच्या जगास त्यांची वार्ताही राहिली नव्हती. मनुष्याच्या देखरेखीला किती मुदत असते, याचा आपल्या जिल्ह्यातला हा दाखला तारापूरच्या अणुवीज केंद्राविषयी लिहिताना मी मुद्दाम पुढे ठेवीत आहे.

या केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. भट्टीतून काढलेल्या इंधनातील विखंडनाची साखळी थांबते, परंतु विखंडनातून उपजलेल्या सीझियम, स्ट्रॉन्शियम आदी द्रव्यांचा ऱ्हास चालूच राहतो, आणि त्याची उष्णता एवढी असते की ते इंधन वर्षानुवर्षे खोल पाण्याच्या कुंडात बुडवून ठेवावे लागते. हे पाणी उष्णता वाहून नेते, किरणोत्सारही अडविते. ते आटले तर इंधनाच्या नळ्या तापून पेटण्याचा संभव असतो. २०११ साली फुकुशिमाच्या चौथ्या भट्टीतील कुंडाविषयी जगाला धास्ती लागली ती याचमुळे. सुदैवाने तेथील पाणी टिकले.

तारापूरचे इंधन १९६३ च्या करारान्वये अमेरिकेकडून आले होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर उभय राष्ट्रांत वितुष्ट आले, भुक्तशेष इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्याच्या पुनःप्रक्रियेची संमती मिळेना आणि साठा वाढत गेला. अखेर भट्ट्यांपासून दूर निराळे साठवणगृह उभारावे लागले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक त्याचा हिशेब ठेवतात.

हिशेब मुख्यत्वे या इंधनात तयार झालेल्या, बाँबास उपयोगी पडणाऱ्या प्लुटोनियमचा. नुकतेच काढलेले इंधन चोरावयास जाणारा किरणोत्सारानेच प्राणास मुकेल, म्हणून प्रारंभी ते आपला पहारा आपणच करते. परंतु सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे, म्हणजे शतकाअखेर त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. प्लुटोनियम-२३९ चे मात्र सुमारे २४,००० वर्षे. अपघाताचे भय जसजसे ओसरते, तसतसे चोरीचे भय वाढत जाते, ही या विषयातील सर्वांत विलक्षण आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट होय.

फिनलंडने ओंकालो येथे भुक्तशेष इंधन कायमचे पुरण्याकरिता ४०० मीटरहून खोल, प्राचीन खडकात भांडार खोदले आहे. आपण पुनःप्रक्रियेचा मार्ग पत्करला आहे. तीतून उरणारे तीव्र किरणोत्सारी द्रव्य काचेत मुरवून तारापुरातच ठेवले जाते. पण पुनःप्रक्रिया झाली तरी त्या काचेस कायमचे ठिकाण लागणारच, आणि भूगर्भातील जागेचा शोध, दफ्तरे शाबूत व जाणकार माणसे हयात आहेत तोवरच नेटाने व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आज त्या काचेचा साठा भूपृष्ठालगतच्या गृहात वाऱ्याच्या नैसर्गिक प्रवाहाने निवत आहे आणि केंद्राच्या फाटकावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा बंदोबस्त आहे.