स्कॅनर शाबूत, वायर इतिहासजमा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. म्हणून इथल्या जुन्या स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर ‘नवेगावबांध, जि. भंडारा’ असं बॉलपेनने लिहिलेलं सापडलं, तर ते चूक नव्हे; फोटो त्याआधीचा आहे एवढंच. जिल्हा झाला त्याच सुमारास या स्लाइड कॉम्प्युटरात घेण्याचं चांगलं यंत्रही बाजारात आलं होतं. निकॉनचा कूलस्कॅन एलएस-२००० हा १९९८चा. आज जिल्हा पंचविशी ओलांडून गेलाय. त्या पिढीतले स्कॅनर आतून अजून ठणठणीत निघतात, पण नव्या कॉम्प्युटरला ते जोडायचे कशाने, हा प्रश्न दर काही वर्षांनी नव्याने उभा राहत आलाय.

आपल्याकडच्या फिल्ममध्ये काय काय आहे, ते आधी पाहू. नागझिरा १९७०मध्ये अभयारण्य झालं, नवेगावचं राष्ट्रीय उद्यान १९७५चं. तिथे हौशी माणसांनी काढलेल्या रंगीत स्लाइड आहेत. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर चाललेलं दंडार हे लोकनाट्य, कचारगडच्या यात्रेतली माघ पौर्णिमेची गर्दी, धानाच्या बांधीत उभी सारसाची जोडी, भरलेले मामा (माजी मालगुजारी) तलाव हे सगळं निगेटिव्हच्या पट्ट्यांत आहे. सारस आता महाराष्ट्रात मुख्यतः याच भागात उरलाय. त्यामुळे तारीख आणि तलावाचं नाव लिहिलेली एखादी स्लाइड नुसती आठवण राहत नाही, ती नोंद ठरते.

आता जोडणीकडे. पहिला जमाना स्कझी (SCSI) या जोडणीचा. वायर बोटभर जाड, टोकाला पन्नास पिनांचा कनेक्टर. कॉम्प्युटर उघडून पीसीआय खाचेत वेगळं कार्ड बसवायचं, बहुतेक वेळा अ‍ॅडॅप्टेक कंपनीचं. साखळीतल्या प्रत्येक यंत्राला शून्य ते सातमधला वेगळा क्रमांक, शेवटच्या यंत्राला टर्मिनेटर. शिवाय आधी स्कॅनर सुरू करायचा आणि मग कॉम्प्युटर. क्रम उलटला की कॉम्प्युटरला स्कॅनर दिसायचाच नाही. भारनियमनाच्या वर्षांत वीज आली की हा सगळा विधी पहिल्यापासून. पुढे मदरबोर्डवरच्या पीसीआय खाचा नाहीशा झाल्या, लॅपटॉपला तर त्या कधी नव्हत्याच. स्कझीचा स्कॅनर आज चालवायचा, तर त्याच्या वयाचा कॉम्प्युटर सांभाळणं हाच सरळ मार्ग. स्कझीचं यूएसबी करून देणारे जुने अडॅप्टर विकत मिळतात, पण स्कॅनरच्या बाबतीत त्यांच्यावर मी भरवसा ठेवणार नाही.

२००१मध्ये निकॉनने स्वस्त मॉडेलला यूएसबी दिलं आणि महागड्या कूलस्कॅन ४०००ला फायरवायर. त्या वेळी हा निर्णय बरोबरच होता. इंचाला चार हजार बिंदूंनी स्कॅन केलेली ३५ मिलिमीटरची एक चौकट २१ मेगापिक्सेलच्या पुढे जाते. आठ बिटांत साठवली तरी फाइल साधारण ६४ एमबीची. जुन्या यूएसबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, फायरवायरचा ४००. पण दोन-तीन वर्षांत यूएसबी २.० असलेले कूलस्कॅन ५ आणि ५००० निघाले, आणि आज तेच सर्वांत कमी त्रास देतात. तेव्हा ज्यांनी जास्त पैसे मोजून फायरवायर घेतलं, तेच पुढे अडकले.

खरी कोंडी मात्र वायरीने केली नाही, ती सॉफ्टवेअरने केली. निकॉन स्कॅन हा कंपनीचा प्रोग्रॅम ४.०.३ या आवृत्तीवर थांबला आणि ६४ बिटांच्या विंडोजसाठी त्याचा अधिकृत ड्रायव्हर आलाच नाही. असेच फिल्म स्कॅनर बनवणाऱ्या कोनिका मिनोल्टाने तर २००६मध्ये कॅमेऱ्याचा धंदाच सोडला. मग लोकांच्या लक्षात आलं की यूएसबीच्या कूलस्कॅनला लागणारी मूळ फाइल विंडोजमध्ये आधीपासून असते. आयएनएफ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काही ओळी घालून विंडोजला स्कॅनरची ओळख करून दिली की काम भागतं. ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची तपासणी तेवढी तात्पुरती बंद करावी लागते. दुसरा मार्ग एड हॅमरिक यांच्या व्ह्यूस्कॅनचा. १९९८पासूनचा हा प्रोग्रॅम अनेक कंपन्यांनी सोडून दिलेले स्कॅनर आजही चालवतो. त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि द्यावेतच.

फायरवायरवाल्यांची वाट लांबची. स्कॅनरपासून फायरवायर ४००, तिथून ८००, मग थंडरबोल्ट २, मग थंडरबोल्ट ३, अशी अडॅप्टरला अडॅप्टर जोडत मॅकपर्यंत पोहोचायचं. पूर्वी छोट्या लाइनच्या गाडीतून गोंदियाला उतरून मोठ्या लाइनची गाडी पकडायची, तसं हे. फरक इतकाच की अ‍ॅपलने यातला फायरवायरचा अडॅप्टर बनवणं बंद केलं, आणि २०२५च्या टाहो या मॅकओएसमधून फायरवायरच काढून टाकलं. आता सगळे अडॅप्टर हाताशी असले तरी नव्या मॅकवर उपयोग नाही. लिनक्सवर अजून जमतं. डेस्कटॉपमध्ये फायरवायरचं कार्ड घालायचं. सेन या मोफत प्रणालीत कूलस्कॅनची सोय आहे. पण लिनक्समधला फायरवायरचा भाग सांभाळणाऱ्यांनीही २०२९पर्यंतचाच शब्द दिलाय.

मग एवढा खटाटोप कशाला, चांगल्या कॅमेऱ्याने स्लाइडचाच फोटो काढावा, असं कोणी म्हणेल. कृष्णधवल फिल्मसाठी मीही तेच म्हणतो. रंगीत फिल्मचं गणित वेगळं. या स्कॅनरमध्ये डिजिटल आइस नावाची सोय आहे. स्कॅनर अवरक्त किरणांनी आणखी एक नोंद घेतो. फिल्ममधले रंग ते किरण आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे अडवतात. त्यामुळे डाग नेमके कुठे आहेत ते कळतं आणि प्रोग्रॅम तेवढेच भरून काढतो. राईस मिलच्या गावातल्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेल्या स्लाइडसाठी याहून कामाची सोय नाही. कृष्णधवल फिल्ममधली चांदी मात्र हे किरण स्वतःच अडवते, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही. कोडॅक्रोमवरही ती बिचकते.

जुना स्कॅनर विकत घेताना म्हणून मागची बाजू आधी पाहावी, कुठलं पोर्ट आहे ते. मग उजेड-अंधाराचा फरक जास्त असलेली एखादी स्लाइड स्कॅन करून मागावी. उजेडाच्या कडेला धुरकट वलय दिसलं, तर आतल्या आरशावर धूळ चढलीय असं समजावं. आरसा साफ होतो, पण काम नाजूक आहे. फिल्मवर मात्र आपल्या पावसाळ्यात बुरशी चढते, आणि तिने खाल्लेला भाग परत मिळत नाही.

क्रमही आता ठरवायला हवा. चांदीची कृष्णधवल निगेटिव्ह नीट धुतलेली आणि कोरडी ठेवलेली असेल, तर ती आपल्यापेक्षा जास्त टिकेल, आणि तिला हा स्कॅनर लागतही नाही. लग्नाचे जुने अल्बम कोणत्याही कॅमेऱ्याने कधीही घेता येतील. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या रंगीत स्लाइड मात्र रंग सोडू लागल्यात, आणि त्यांना साफ करणारं यंत्र फायरवायरचं असेल, तर ते २०२९पर्यंतच बिनघोर चालेल असं दिसतंय. तेव्हा आधी नवेगाव-नागझिऱ्याच्या रंगीत स्लाइड, त्यातही सारसाच्या, बाकी सगळं नंतर.