ओहोटीचं घड्याळ

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. अजून नीट उजाडलंही नव्हतं आणि अंगणातून काकीची हाक आली, "गो, येतंस काय? पाणी उताराक लागला." मी घड्याळ पाहिलं, साडेपाच. काकीच्या घरात भिंतीवरचं घड्याळ कधीचं बंद पडलेलं आहे, पण तिचं अडलं नाही. तिचं घड्याळ खाडीत आहे.

मालवण तालुक्यात गडनदी समुद्राला मिळते, तिथली ही कालावलची खाडी. एका बाजूला तळाशीलची वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्या पलीकडे समुद्र. माझं आजोळ इथलंच. शहरात आम्ही 'वसंत ऋतू' म्हणतो तेव्हा आम्हाला आंब्याचा मोहोर आठवतो आणि कोकिळा आठवते. काकीला आठवतात शिवल्या आणि तिसऱ्या. पावसाळ्यात ही खाडी गोड्या, गढूळ पाण्याने भरून वाहते. होळी उलटली की नदीचं पाणी आटत जातं, समुद्राचं खारं पाणी खाडीत वरपर्यंत चढतं, निवळ होतं, उन्हाने कोमट होतं. पावसानंतर वाळूत रुजलेलं शिंपल्यांचं बीज तोवर चांगलं पोसलेलं असतं. पुरुषमाणसं होडीतून शेवटे, काळुंद्र, तांबोशीच्या मागे असतात. बायका टोपल्या घेऊन वाळूच्या पुळणीवर उतरतात.

कधी उतरायचं, याचं गणित काकीने मला वाटेतच शिकवलं. "तिथीक पाऊणान गुण, भरती गावता." आज बीज. दोन गुणिले पाऊण म्हणजे दीड. दीड वाजता भरती, दिवसाही आणि रात्रीही. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे साडेसात-पावणेआठला पाणी सगळ्यात खाली. किनाऱ्याप्रमाणे थोडा मागेपुढे फरक पडतो, पण टोपलीवालीला एवढा हिशेब पुरतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, आणि त्याचा खरा जोर पुढच्या एक-दोन दिवसांत. तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं आणि एरवी बुडालेली पुळण उघडी पडते. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्यात अष्टमीची ओहोटी येते ऐन दुपारी बाराला. वैशाखातल्या उन्हात चटके सोसून हाती काय लागणार? त्या दिवसांत बायका घरची कामं उरकतात. म्हणजे महिन्यातले मोजके दिवस, आणि त्यातले दोन-अडीच तास. त्यात पाळी, पोराची परीक्षा, सासूचा दवाखाना, लग्नकार्य सगळं बसवायचं. खाडी कुणासाठी थांबत नाही.

साडी गुडघ्यापर्यंत खोचून आम्ही पाण्यात शिरलो. "पाय उचलू नको, घसटत चल," काकीने बजावलं. उथळ, कोमट पाण्यात वाळूखाली पाकट दबा धरून बसलेली असते. घसटता पाय लागला तर ती निघून जाते, पण अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. मारलाच काटा तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा आणि दवाखाना गाठायचा. कालवांच्या धारदार कवचांनी तळवे चिरतात ते वेगळंच. काकी टाचेने वाळू चाचपते, कडक लागलं की वाकते, बोटांनी उकरते. तासाभरात तिची टोपली अर्धी, माझ्या हातात मूठभर. त्या मुठीतल्याही निम्म्या तिने परत टाकायला लावल्या. "ती बाळां असत, टाक पाठी."

मग ती एकाएकी थांबली. पुढे पाण्याचा रंग गडद दिसत होता. "थंय जाव नको." दोन-तीन वर्षांपूर्वी तिथे ओहोटीला जेमतेम घोट्याएवढं पाणी असायचं. रात्री वाळू उपसली गेली आणि खड्डे पडले. गेल्या वर्षी शेजारची बाई नेहमीच्या वाटेने चालत गेली आणि गळ्यापर्यंत आत गेली. पोहता येत नव्हतं. मागच्या दोघींनी पदर फेकला म्हणून वाचली. "जमीन पायाक वळखीची होती," काकी म्हणाली, "आता वळाख देणा नाय."

मला वाटतं, सगळं इथेच आहे. वाळू गेली म्हणजे नुसती वाळू जात नाही. शिंपल्यांचं घरच जातं, त्यांचं बीज रुजायची जागा जाते, आणि बाईच्या पायांना पन्नास वर्षांत झालेली ओळख जाते. होडीवाला थोडा पुढे जाऊन जाळं टाकेल. टोपलीवाली कुठे जाणार? परवाना होडीला मिळतो, डिझेलचा परतावा इंजिनाला मिळतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगलंच झालं. पण शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर यायला किती वर्षं लागली, हे आपण जाणतो. टोपलीचं नाव कुठल्या कागदावर येणार? घरातल्यांनाही विचारलं तर म्हणतात, "ती काय, कालवणापुरता आणता." त्या 'कालवणापुरत्या'तून दोन वाटे विकून पोरांच्या वह्या येतात, गॅसचा सिलिंडर येतो. ते कुणी मोजत नाही.

काही करता येतं का? येतं. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचं खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे. तिथे आपल्याच तिसऱ्या मिळतात. १९९० च्या दशकात त्या भराभर कमी झाल्या. मग तिथल्या मच्छीमारांनी आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिळून नियम केले. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यांच्या विणीचा काळ, तेव्हा काढायच्या नाहीत. बारीक शिंपल्या निसटून जातील एवढ्या मोठ्या आसाचंच जाळं वापरायचं. पीक सावरलं. २०१४ साली या मासेमारीला शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. काकीला हे सांगितलं तर ती हसली. बारीक शिंपली परत टाकायला तिला कुणी शास्त्रज्ञ लागला नव्हता. पण एकटीने टाकून भागत नाही. सगळ्यांनी टाकायला हवी आणि तिच्याखालची वाळूही जागेवर राहायला हवी.

आपण शहरातल्या जणीही इतकं तर करू शकतो. बाजारात नखाएवढ्या तिसऱ्यांचा वाटा स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही. घट्ट मिटलेल्या, हाताला जड लागणाऱ्या घ्यायच्या. मिठाच्या पाण्यात तीन-चार तास ठेवल्या की वाळू सोडतात. शिजल्यावरही ज्यांनी तोंड उघडलं नाही त्या टाकून द्यायच्या. आणि एकशिपी करताना वाटीभर ओलं खोबरं वाटलं, तर ती शिंपली कुणाच्या टाचेला लागली होती हे एकदा आठवायचं.

नऊ वाजता पाणी परत चढायला लागलं. आम्ही काठावर आलो. काकीने टोपली खळखळ धुतली, घरचा वाटा वेगळा काढला, उरलेला बाजारासाठी ओल्या फडक्यात बांधला. निघताना म्हणाली, "अक्षय्य तृतीयेक येतंस?"

मी मनात हिशेब केला. तीन गुणिले पाऊण, सव्वादोन. त्यात सहा.

"सव्वाआठला ना?" मी विचारलं.

"सातांकच ये," काकी म्हणाली. "पाणी उतारताना शिरूचा, चढताना न्हय."