जुन्या गाडीची वॉरंटी : कागदावर काय, काउंटरवर काय

जुनी गाडी घेताना डीलर म्हणतो, ‘वॉरंटी आहे, निर्धास्त राहा.’ काही महिन्यांनी गिअरबॉक्स कुरकुरायला लागतो आणि वर्कशॉपच्या काउंटरवर ऐकायला मिळतं, ‘हे वॉरंटीत बसत नाही.’ प्रत्येक वेळी ही फसवणूकच असते असं नाही. पण वॉरंटी नेमकी कशी चालते, हे गाडी विकताना गिऱ्हाइकाला क्वचितच समजावून सांगितलं जातं, आणि मनस्ताप तिथूनच सुरू होतो.

आधी वॉरंटी कोणाची आहे ते पाहा. मूळ कंपनीची मुदत उरली असेल, तर ती सहसा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चालते. एक्स्टेंडेड वॉरंटी बऱ्याचदा आपल्या नावावर करून घ्यावी लागते. डीलरने स्वतः दिलेली वॉरंटी मात्र वेगळी. तिला महिन्यांची आणि किलोमीटरची मर्यादा असते, आणि दुरुस्ती बहुतेक वेळा त्याने ठरवलेल्या वर्कशॉपमध्येच करावी लागते. परवानगी न घेता बाहेरच्या मेकॅनिककडे गाडी उघडली की क्लेम नाकारायला कारण मिळतं.

मग ‘काय बसत नाही’ ते पान वाचा. डीलरची वॉरंटी साधारणपणे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या आतल्या भागांपुरती असते. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, रबरी होज हे झिजणारे भाग म्हणून वगळलेले असतात. खरा वाद या दोन याद्यांच्या सीमेवर होतो. समजा, इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं. गॅस्केट इंजिनाचा भाग, म्हणून आपण क्लेम करतो. पण कूलंट गळालं ते फुटलेल्या रबरी होजमधून. वर्कशॉप लिहितं, ‘मूळ कारण होज, तापमानाचा काटा चढल्यावरही गाडी चालवली.’ एवढ्यावर मोठा खर्च आपल्या अंगावर येतो. म्हणून काटा चढू लागला की गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन बंद करा, मीटरचा फोटो काढा आणि टो करूनच वर्कशॉपला न्या.

तिथे सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे जॉब कार्ड. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर घाईत ‘जनरल चेकअप’ लिहून मोकळा होतो. त्याऐवजी ‘दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये टाकताना खरखर, इंजिन गरम झाल्यावर जास्त’ असं लिहून घ्या. तारीख आणि किलोमीटर तपासा, प्रत मागा. तोच बिघाड पुन्हा झाला आणि मधल्या काळात मुदत संपली, तर तक्रार मुदतीतच नोंदवली होती याचा हाच पुरावा.

इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलण्याआधी आणखी एक विचारा : दोष वॉरंटीबाहेरचा निघाला, तर खोलण्याची मजुरी कोण देणार? बहुतेक ठिकाणी ती गिऱ्हाइकावर पडते. आकडा एस्टिमेटवर आल्याशिवाय सही करू नका.

क्लेम नाकारला, तर कोणत्या अटीखाली नाकारला ते ईमेलवर मागा. तोंडी नकार पुढे उपयोगाचा नसतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे तोडगा निघाला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, ऑनलाइनही करता येते. गाडीसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील लावणं सक्तीचं नाही.

हे हक्क बजावता येतात ते हातात कागद असले तरच. म्हणून टोकन देण्याआधी वॉरंटीचा पूर्ण मसुदा आणि गाडीची सर्व्हिस हिस्ट्री मागा आणि घरी नेऊन शांतपणे वाचा. डीलर टाळाटाळ करत असेल, तर ती गाडी सोडून द्या.