बुरशीचे निदान आणि वेळेची किंमत

2021 च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिसच्या रुग्णांची नोंद साथरोग कायद्याखाली बंधनकारक करावी, असे केंद्राने राज्यांना कळविले. त्या वेळी महाराष्ट्रभर चर्चा होती ती अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनच्या टंचाईची, आणि ती स्वाभाविकच होती. परंतु तितकीच दुर्मीळ असलेली दुसरी वस्तू, म्हणजे वेळ, हिशेबात फारशी धरली गेली नाही. ही बुरशी नाकातून डोळ्याकडे व तेथून मेंदूकडे सरकते. अशा रोगात निदानाला लागणारा प्रत्येक दिवस रुग्णाच्या देहातून वसूल होतो.

बाधित भागाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही रूढ रीत होय. ती जलद असली तरी तरबेज डोळ्यावर अवलंबून असते. प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्यास काही दिवस लागतात आणि पुष्कळदा काहीच वाढत नाही. अ‍ॅस्परजिलससाठी उपयोगी पडणाऱ्या रक्तचाचण्यांना म्युकर सापडतच नाही. पीसीआर पद्धतीने मात्र बुरशीचा डीएनए काही तासांत ओळखता येतो. फ्रान्समधील अभ्यासांत तो रूढ निदानाच्या कित्येक दिवस आधीच रुग्णांच्या रक्तात आढळला आहे.

आता बीड जिल्ह्याचा विचार करू. उचल घेऊन कारखान्यावर गेलेला ऊसतोड कामगार गाल सुजला म्हणून कोयता खाली ठेवीत नाही. मधुमेह असल्याचेही त्याला बहुधा ठाऊक नसते. तो रुग्णालयात येतो तेव्हा उशीर झालेलाच असतो. त्यात निदानाच्या विलंबाची भर पडू नये, एवढी अपेक्षा गैर नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात कोविडकाळात पीसीआर चाचण्या होत होत्या. मग अडते कोठे?

बुरशीचे कवच जाड असल्याने डीएनए बाहेर काढणे कठीण जाते. तिचे बीजाणू हवेत असल्याने खोटा होकारही येऊ शकतो. म्हणून तुकड्याची तपासणी टळत नाही. पण खरी अडचण आर्थिक आहे. एका जिल्ह्यात असे रुग्ण थोडे. तेवढ्यांसाठी महागडे संच व प्रशिक्षित माणूस कोणती खाजगी प्रयोगशाळा सांभाळील? मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचे नमुने एका सरकारी केंद्राकडे रोजच्या रोज पोचविले, तर हा खर्च विभागला जाईल. मूत्रपिंडास अपायकारक असलेले अँफोटेरिसिन केवळ संशयावरून किती दिवस चालू ठेवायचे, हा डॉक्टरांपुढचा पेचही त्यामुळे बराचसा सुटेल.